सिलिंडरला शेंदूर

माझे वडील जळगावला हेडमास्तर होते. आमच्या घरात चपलांची तोंडं कोणत्या दिशेला असावीत याचासुद्धा नियम होता, आणि तो मोडला तर जेवायला बसण्याआधी एक छोटं भाषण ऐकावं लागे. त्या नियमांतून सुटावं म्हणून मी नर्सिंगला गेले. तिथे बाईने केसांना पिना कुठे लावाव्यात याचेही नियम निघाले. तेव्हापासून नियम करणाऱ्या माणसांविषयी माझं मत फारसं बरं नाही, आणि नियम मोडणाऱ्यांविषयीही नाही, कारण त्यांचा पसारा आवरायला शेवटी मलाच बोलावतात.

शिकून झाल्यावर मी धुळ्याला एका खाजगी दवाखान्यात लागले. स्वातंत्र्य मिळून सातआठ वर्षं झाली होती. दवाखान्यात डॉक्टर एकच, पण आवाज चौघांचा. त्यांचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे ऑक्सिजनचा सिलिंडर. ऑपरेशनच्या खोलीत चाकांच्या घोडीवर तो उभा असे. अंग काळं, खांदे पांढरे, आणि उंची माझ्यापेक्षा थोडी कमी. पेशंटचे नातेवाईक खिडकीतून त्याच्याकडे बघत, आणि बाहेर जाताना काहीजण नमस्कारही करत. डॉक्टरांना वाटे, नमस्कार आपल्याला आहे.

त्या वर्षी दिवाळी उलटल्यावर पारोळ्याच्या बाजूच्या एका गावातून एक सून दाखल झाली. घरची शेती मोठी, कपाशीची आणि भुईमुगाची. पोर विशीची असेल. लहानपणी ताप येऊन सांधे धरले होते, त्या तापाने हृदयातली एक झडप आखडली होती. दोन पावलं चालली तरी धाप लागायची, ओठ निळे पडायचे, आणि उशांना टेकून बसल्याशिवाय तिला झोप नव्हती. आम्ही ऑक्सिजन लावला की तासाभराने तिच्या ओठांना रंग येई आणि ती पहिलं वाक्य बोले ते म्हणजे, "अक्का जेवन्यात का?"

अक्का म्हणजे तिची सासू. घरात, गावात, आणि पुढे दवाखान्यातही सगळे तिला अक्काच म्हणायचे. सुकलेली, ताठ, तोंडाने फटकळ. सून आजारी पडली ती सासूच्या जाचाने, असं गावाचं एकमत होतं, आणि पेशंटला भेटायला येणाऱ्या बायका ते मला कोपऱ्यात घेऊन सांगून जात. मीही ते मानलं होतं. अक्का सुनेशी बोलताना मी फक्त हुकूम ऐकले होते: दूध पी, सरळ बस, रडू नको. दिवसभर ती कॉटच्या पायथ्याशी जमिनीवर बसे. सुनेच्या अंगाला हात लावताना मी तिला कधी पाहिलं नाही.

डॉक्टर म्हणाले, ही झडप मुंबईला एक सर्जन बोट घालून मोकळी करतो, आणि लवकर नेलं तर पोर जगेल. लवकर म्हणजे या आठवड्यात. प्रश्न होता न्यायचं कसं. धुळ्याहून चाळीसगावला गाडी, तिथे बदलायची, मग मुंबईची गाडी, आणि एवढ्या वाटेत ऑक्सिजन सुटला तर पेशंट मुंबईला पोचेल याची खात्री डॉक्टर देईनात. पेशंटचा नवरा स्टेशनवर चौकशी करून आला. त्याला सगळे भाऊ म्हणत. अंगाने चांगला भरलेला, स्वभावाने मऊ, आणि साहेब दिसला की मान डोलवायची सवय. स्टेशनवरच्या बाबूने त्याला समजावलं होतं की दाबून भरलेला वायू प्रवाशांच्या डब्यात नेता येत नाही, तो पार्सलच्या डब्यातून जातो. म्हणजे पोरगी एका डब्यात आणि तिचा श्वास दुसऱ्या डब्यात. भाऊला यात काही गैर दिसलं नव्हतं. पार्सल हरवत नाही असं बाबूने त्याला वचन दिलं होतं.

शेवटी कापसाच्या एका व्यापाऱ्याने मुंबईत ओळख काढली आणि भाड्याने छोटं विमान ठरलं. त्यासाठी मुंबईहून एक लहान, उचलायला हलका सिलिंडर मुद्दाम मागवला. तो आला पार्सलच्या डब्यातूनच, आणि खरोखर हरवला नाही. त्याच्यासोबत विमानवाल्यांचे नियम आले. सिलिंडर आडवा ठेवून दोरांनी पक्का बांधावा. वापरेपर्यंत तोंडावर टोपी असावी. जवळ विडी, काडी, दिवा, कोणतीही आग नको. आणि तोंडाला, चावीला, नळीला तेल, तूप, ग्रीस यांचा स्पर्शसुद्धा होता कामा नये. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल लागलं तर काडीसुद्धा ओढावी लागत नाही, चावी उघडताच भडका उडू शकतो. शिवाय विमानात बसणाऱ्या प्रत्येकाचं वजन आधी कळवावं.

वजनं जिनिंगमधल्या काट्यावर झाली. जिथे कापसाच्या गाठी चढतात तिथे भाऊ पाय जुळवून उभा राहिला आणि बघ्यांनी त्याच्या वजनाचं कौतुक केलं. मग मी चढले. माझं वजन कापूस मोजणाऱ्या माणसाने मोठ्याने पुकारलं. त्याला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पेशंटचं आमच्याकडे होतं. विमानात पायलट, पेशंट, भाऊ, मी आणि लहान सिलिंडर, असा हिशेब बसला.

निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या पुरुषांना व्हरांड्यात उभं करून नियम वाचून दाखवले. भाऊ, दोन चुलते, एक मावसभाऊ, आणि कोणाचा कोण हे मला शेवटपर्यंत न कळलेले आणखी तिघे. डॉक्टर छापील मराठीत बोलत होते. "ज्वलनशील स्निग्ध पदार्थांचा संपर्क कटाक्षाने टाळावा." सात माना डोलल्या. "समजलं ना?" पुन्हा सात माना. मग सातही जण चहाला गेले. मुंबईहून आलेला लहान सिलिंडर बायकांच्या खोलीत, कॉटच्या शेजारी उभा होता. तिथे काही वाचून दाखवावं असं कोणाच्या मनात आलं नाही, कारण बायकांना यंत्रातलं काय कळणार.

पण आगीचं त्यांना कळलं होतं. झाडूवालीपासून कंपाउंडरपर्यंत जो तो येऊन बजावून गेला होता की इथे काडी ओढाल तर दवाखाना उडेल. अक्काने ते मनावर घेतलं. खोलीच्या दारात बसून ती येणाऱ्या प्रत्येकाला खिशात काय आहे ते विचारू लागली. एका चुलत्याला विडीच्या बंडलासकट तिने माघारी पाठवला.

आता आमच्या खानदेशात कोणतंही चाक, नांगर, पाण्याची मोटर, जिच्यावर घराचा जीव चालतो अशी कुठलीही वस्तू पहिल्यांदा कामाला निघाली की तिची पूजा होते. विहिरीवर नवं इंजिन बसलं तर पाण्याआधी नारळ. अक्काच्या हातून अशा पूजा कितीतरी झालेल्या. उद्या तिच्या सुनेचा जीव पोटात घेऊन हा काळा सिलिंडर आभाळात जाणार होता, आणि त्याला कोणी हळदीचं बोटही लावलं नव्हतं. निघायच्या दिवशी सकाळी मी इंजेक्शनच्या सुया उकळायला गेले होते आणि पुरुष मंडळी विमान उतरायच्या मैदानावर पुढे गेली होती, तेवढ्यात तिने पूजा उरकून घेतली. दिवा लावला नाही. उदबत्ती नाही, कापूर नाही. दिव्यासाठी आणलेलं तेल होतं, ते शेंदरात कालवलं, टोपी काढून ठेवली आणि देवाच्या दगडाला माखतात तसं सिलिंडरचं डोकं नीट माखलं. मग टोपी पुन्हा बसवली. त्यामुळे गाडीत चढवताना कोणालाच काही दिसलं नाही.

मैदान म्हणजे गावाबाहेरचं, ज्वारी काढून घेतलेलं एक सपाट रान. धुळ्याचं निम्मं गाव तिथे जमलं होतं. शेंगा विकणारे आले होते. विमान उतरलं तेव्हा एक म्हैस उधळली आणि तिच्या मागे दहा माणसं धावली, त्यातली काही नंतर सांगत की आम्ही विमान अडवलं. पायलट उंच, सडपातळ, गॉगल लावलेला माणूस. हिंदी आणि इंग्रजी बोलत होता. लोकांकडे न बघता तो सरळ सिलिंडरकडे गेला, टोपी फिरवून काढली, आणि तसाच वाकलेला राहिला. मग बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. हे विमानात चढणार नाही, असं तो शांतपणे म्हणाला.

मी जवळ जाऊन पाहिलं तर चावीच्या खाचाखाचांत शेंदूर बसला होता, आणि उन्हाने तेल सुटून पांढऱ्या खांद्यावर ओघळलं होतं.

डॉक्टरांचा चेहराही जवळजवळ शेंदराच्याच रंगाचा झाला. ते आणि पायलट इंग्रजीत भांडू लागले. भाऊ दोघांच्या मधे उभा राहून प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. कंपाउंडर स्पिरिटचा बोळा घेऊन पुसायला धावला तेव्हा पायलटने त्याचा हात धरला आणि स्पिरिट कशाने पेटतं ते त्याला विचारलं. झाडाखाली कॉटवर पोरगी उशांना टेकून बसली होती. दवाखान्यातून निघताना घेतलेला ऑक्सिजन आता ओसरत चालला होता आणि तिचे ओठ पुन्हा काळवंडू लागले होते. पायलट म्हणाला, दुपारचा वारा सुटायच्या आत घाट ओलांडायचा आहे, अर्ध्या तासात निघालो नाही तर आज निघणार नाही. उद्यापर्यंत ती राहील का, हे डॉक्टरांना कोणी विचारलं नाही, कारण त्यांच्याकडे बघितलं की कळत होतं.

मी अक्काकडे गेले. मला इतका राग आला होता की माझा आवाज मलाच ओळखू येईना. मी विचारलं, हे काय केलंत? ती घाबरली नाही. तिला वाटलं मी पूजेत काय राहिलं ते विचारते आहे. "दिवा लावाना नही, बठ्ठा सांगेत," ती म्हणाली. बठ्ठा म्हणजे सगळे. "म्हनीसन तेल तसंच वाह्यं." मग माझ्या तोंडाकडे बघून तिला काहीतरी जाणवलं असावं. हळू म्हणाली, "तिना जीव यामा शे ना, बाई. मंग याले काही नही करानं का?"

मी तिला सांगितलं. तिच्याच बोलीत, दोन वाक्यांत, तेलाने काय होतं ते. डॉक्टरांना व्हरांड्यात जे सांगायला पाव तास लागला होता ते तिला लगेच कळलं. तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि ते अंगापासून लांब धरले, आणि तशीच उभी राहिली.

डॉक्टरांचं एक मात्र मानलं पाहिजे. भांडण सोडून त्यांनी जिनिंगचा ट्रक दवाखान्यात पिटाळला आणि ऑपरेशनच्या खोलीतला मोठा सिलिंडर उचलून आणवला, ज्याच्यावरून त्यांचं नाव जिल्ह्यात झालं होतं. तो कोरडा, स्वच्छ होता. पायलटने त्याचं तोंड तपासलं, वास घेतला आणि चालेल म्हणून मान हलवली. पण त्याचं वजन पाहून तो म्हणाला, एक माणूस उतरवा. पायलट उतरू शकत नव्हता. सिलिंडर चालवणारी मी, म्हणजे मीही नाही. उरला भाऊ, आणि त्याच्याबाबतीत तर जास्त विचार करावा लागलाच नाही. तो उतरल्यावर थोडं वजन शिल्लक राहतं, एखादं पोर असेल तर बसवा, असं पायलट म्हणाला.

पोरगी कॉटवरून नवऱ्याकडे बघत होती. पारोळ्याच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती. आता परक्या नर्सबरोबर आभाळातून मुंबईला जायचं आणि तिथे छाती उघडायची. तिने हळूच मान हलवली, नको म्हणून.

"ती एकली कशी जाई?" अक्का म्हणाली. "मी जास."

काटा जिनिंगमध्ये राहिला होता आणि तिकडे जायला वेळ नव्हता. पायलटने विचारलं, बाईंचं वजन किती. कोणालाच माहीत नव्हतं. जन्मभर भाऊने पोती उचलली होती, म्हणून डॉक्टरांनी त्याला सांगितलं, तूच उचलून सांग. तो लाजला. मग त्याने आईला दोन्ही हातांवर उचललं. ती तेलाचे हात वर धरून राहिली, मुलाच्या खांद्यालाही लागू दिले नाहीत. जमलेले लोक हसायला लागले होते ते भाऊचं तोंड बघून गप्प झाले. तो तिला खाली ठेवीना.

"काहीच वजन नही शे," तो म्हणाला.

पायलटला आकडा हवा होता, पण त्याने पुन्हा विचारलं नाही.

शेजारच्या विहिरीवर मी अक्काचे हात साबणाने धुतले, सोडा चोळला, पुन्हा साबणाने धुतले. शेंदूर नखांच्या कडांतून निघेना. पायलटने हातांचा वास घेऊन परवानगी दिली, पण मला बजावलं की तिने सिलिंडरला, नळीला, मास्कला, कशालाही हात लावायचा नाही. मी ते अक्काला सांगितलं, "हात लावाना नही." तिने हात पदरात गुंडाळले आणि पदराचं टोक कमरेला खोचलं.

विमानात मागे पोरगी आणि मी, पुढे पायलटच्या शेजारी अक्का. मोठा सिलिंडर आमच्या पायांशी आडवा, बैलगाडीच्या दोरांनी बांधलेला. ती गाठ भाऊने मारली होती आणि पायलटने तपासून तिला नावं ठेवली नाहीत. मी चावी उघडली. काही भडकलं नाही. सूं असा आवाज आला, आणि तो ऐकताना मला पहिल्यांदा देवाची आठवण झाली, हे लिहायला हरकत नाही.

घाटाच्या अंगाला विमान खाली-वर होऊ लागलं. मी एका हाताने मास्क आणि दुसऱ्या हाताने खिडकीची कड धरली होती. पायलटकडे त्याचं सुकाणू होतं. अक्काला धरायला काही नव्हतं. ती एकदा दारावर, एकदा पायलटवर आपटत होती, पण पदरातले हात बाहेर आले नाहीत. घाट उतरल्यावर पायलटने सवयीने खिशातून सिगारेट काढून ओठांत धरली. अक्का मागे वळली आणि म्हणाली, "बाई, याले सांग, आग चालत नही." मी सांगितलं. त्याने सिगारेट खिशात ठेवली आणि नंतर मुंबईपर्यंत तो कोणाशी बोलला नाही. दोघांनाही नियम तेच होते, पण पूर्ण पाळणारी त्या विमानात ती एकटीच होती.

मधे केव्हातरी पोरीने मास्क बाजूला केला. तिला भीती वाटत होती. दोन सीटांच्या मधून तिने हात पुढे केला.

"अक्का, हात द्या ना."

अक्काने तो हात पाहिला. "मन्हा हात तेलना शेतस," ती म्हणाली.

मी सांगितलं, आता धुतलेत, काही होत नाही, धरा. तिने मान हलवली. पोरीचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग तिने तो मागे घेतला. मी मास्क नीट बसवला. अक्का समोर बघत होती, म्हणून तिचा चेहरा मला दिसत नव्हता. गावातल्या बायकांनी मला कोपऱ्यात जे सांगितलं होतं ते किती खोटं आहे ते मला तेव्हा कळलं, आणि कोणावर चिडावं तेही कळेना.

पोरगी वाचली. झडप मोकळी झाली, महिन्याभराने ती रेल्वेने परत आली, आणि चाळीसगावला गाडी बदलताना स्वतःच्या पायांनी पूल चढली. भाऊने गावात विमानप्रवासाच्या इतक्या हकिकती सांगितल्या की पुढे तो विमानात नव्हता हे तोही विसरला. शेंदूर लावलेला सिलिंडर साफ करायला मुंबईला परत गेला, पार्सलच्या डब्यातूनच. पुढे दरवर्षी सासू-सून शेंगांची पिशवी घेऊन मला भेटायला येत. सून सांगे, घरी नवी मोटर आली तेव्हा अक्काने कुंकवाची वाटी हातात घेऊन फिटरला आधी विचारलं, "तेल चालस का याले?" फिटर म्हणाला, तेलाशिवाय ती चालतच नाही. अक्काचा त्याच्यावर विश्वास बसला नाही.

शेर-मण जाऊन किलो आले तेव्हाची गोष्ट. अक्काला आमच्याकडेच आणलं. छातीत कफ भरला होता आणि वय झालं होतं. ऑक्सिजन लावला. दवाखान्यात आता नवा डॉक्टर होता, नव्या सिलिंडरसकट. अक्का कॉटवर उशांना टेकून बसलेली, आणि दोन्ही हात गोधडीखाली. मी नाडी बघायला हात मागितला की ती आधी सिलिंडर किती लांब आहे ते बघे.

दुपारी सून गावाहून आली. दारातच थांबली. अक्काने तिला बघून मास्क थोडा सरकवला आणि विचारलं, "तुन्हा हात तेलना शेतस का?"

"नही," सून म्हणाली. "साबण लाईसन उनू." साबण लावूनच ती आत आली होती. मग ती मोरीवर गेली, घमेल्यात कोमट पाणी आणि साबण घेऊन आली, आणि कॉटवर बसून गोधडीखालून अक्काचे हात बाहेर काढले. एकेक बोट, नखांच्या कडा, सगळं धुतलं. स्वच्छ पंच्याने कोरडं केलं. नवा डॉक्टर दारातून म्हणाला, सिलिंडरजवळ नातेवाइकांना बसू देऊ नका, नियम आहे. मी म्हटलं, नियम मला माहीत आहेत, आणि दार लावून घेतलं.

"आते हात द्या," सून म्हणाली.

अक्काने दिला, आणि मग शेवटपर्यंत तो परत घेतला नाही.